एका दिवसात एकच गाव : लेकॉकच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये मुलाबाळांकडे राहायला जाणाऱ्या किंवा तिथेच शिकणाऱ्या वाचकांनी जुन्या खेड्यांच्या सहलीबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यातले विल्टशरमधल्या लेकॉक या गावाशी जोडता येतील असे या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं जूनमध्ये मुलीकडे रीडिंगला आहोत. एका शनिवारी ती गाडीने बायबरी, कासल कूम आणि लेकॉक अशी तीन गावं दाखवणार म्हणते. एक दिवस पुरेल का?

दिवस संपेल, पण गावं पाहून होणार नाहीत. रीडिंगहून बायबरी, तिथून कासल कूम, मग लेकॉक आणि परत, एवढं केलं तर रस्ते मोकळे असूनही जवळपास चार तास गाडीतच जातात. उन्हाळ्यातल्या शनिवारी रस्ते मोकळे नसतात. शिवाय प्रत्येक गावात गाडी लावायला जागा शोधायची, तिथून चालत यायचं, स्वच्छतागृह शोधायचं. हा वेळ तीनदा मोजा. हाती उरतात त्याच कोनातून काढलेले तीन फोटो.

आमचं सांगणं आहे की एकच गाव घ्या, आणि ते लेकॉक असू द्या. बायबरी आणि कासल कूम दिसायला अप्रतिम आहेत, पण तिथे आत जाऊन पाहण्यासारखं थोडं आहे. कासल कूमचा मुख्य रस्ता टोकापासून टोकापर्यंत दहा मिनिटांत चालून होतो. लेकॉकमध्ये तेराव्या शतकातला मठ, छायाचित्रणाचं संग्रहालय, धान्याचं मध्ययुगीन कोठार, चर्च, जुन्या खानावळी आणि चार रस्ते भरून घरं आहेत. पाऊस आलाच तर तीन तास छपराखाली काढता येतात, आणि इंग्लंडमध्ये हा मुद्दा जूनमध्येही महत्त्वाचा असतो.

दोन गावं करायचीच असतील तर लेकॉकला कासल कूमची जोड द्या. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळ-दुपार लेकॉकला घालवा आणि पाचनंतर कासल कूमला जा. तोवर सहलीच्या बसगाड्या परतलेल्या असतात आणि जूनमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. तिथली गाडी लावायची जागा गावाच्या वर टेकडीवर आहे. उतरताना सोपं वाटतं, परतताना चढ लागतो. चर्चमधलं तबकडी नसलेलं जुनं घड्याळ पाहायचं असेल तर मात्र चर्च बंद व्हायच्या आत पोहोचायला हवं.

प्रश्न : मी लंडनला शिकतो. आई-बाबा येणार आहेत. गाडी नाही. लेकॉकला जाता येईल का?

नक्की येईल. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून चिपनम या गावाला थेट रेल्वे मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. चिपनमहून लेकॉक पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला आहे. मेल्कशमच्या दिशेने जाणाऱ्या बसपैकी कोणती लेकॉक गावात थांबते ते चालकाला विचारूनच चढा, कारण काही गाड्या हमरस्त्यानेच पुढे निघून जातात. इंग्लंडमध्ये बहुतेक बससाठी एकेरी प्रवासाच्या भाड्याला ३ पाउंडांची मर्यादा घातलेली आहे.

रेल्वेचं तिकीट कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीनंतरचं काढा. शनिवार-रविवारी तसंही दिवसभर स्वस्त दर चालतो. आई-बाबांपैकी कोणी साठी ओलांडली असेल तर सीनियर रेलकार्ड घ्या. ते पासपोर्ट दाखवून परदेशी पाहुण्यालाही मिळतं आणि तिकिटावर एक तृतीयांश सूट देतं. दोघंही साठीच्या आतले असतील तर दोघांचं मिळून टू टुगेदर कार्ड निघतं. सूट तेवढीच, पण दोघांनी सोबत प्रवास करायला हवा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. कार्डाची किंमत एका सहलीत वसूल होते का, हे तिकिटाचे दर पाहून ठरवा. दोन-तीन सहली ठरलेल्या असतील तर सहसा होते.

बेत कुठे फसतो, तर दोन ठिकाणी. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि काही टप्प्यावर रेल्वेऐवजी बस सोडतात. त्यामुळे सव्वा तासाचे अडीच तास होऊ शकतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्या तारखेचं वेळापत्रक पुन्हा पाहा. दुसरी अडचण परतीच्या बसची. खेड्यातल्या बस संध्याकाळी लवकर संपतात आणि रविवारी फार कमी असतात किंवा नसतातच. चिपनमच्या एखाद्या टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. गावात उभं राहून हात दाखवला तर टॅक्सी मिळत नाही. आई-बाबांना घेऊन जायचं तर कामाचा दिवस किंवा शनिवार निवडा.

प्रश्न : जुनी घरं सुंदर दिसतात, पण अर्ध्या तासात सगळी सारखीच वाटायला लागतात. नेमकं पाहायचं काय?

या प्रश्नाला मोठं उत्तर द्यायला हवं, कारण पाहायचं काय हे कळलं की हेच गाव दिवसभर पुरतं.

आधी एवढं लक्षात घ्या की लेकॉक लोकरीवर आणि कापडावर वाढलं. लंडन आणि बाथ यांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवरचं हे बाजाराचं गाव. हाय स्ट्रीट इतर रस्त्यांपेक्षा रुंद आहे तो बाजार भरायचा म्हणून. पुढे कापडाचा धंदा ओसरला, रेल्वे गावाला टाळून गेली, आणि जवळपास सगळी घरं एकाच टॉल्बट घराण्याच्या मालकीची राहिली. घरं पाडून नवी बांधायला पैसाही नव्हता आणि भाडेकरूंना तशी मुभाही नव्हती. १९४४ साली मटिल्डा टॉल्बट यांनी मठ आणि गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. आज छपरांवर टीव्हीच्या अँटेना नाहीत, रस्त्याकडेला गाडी लावू नका असं सांगणारे पिवळे पट्टे नाहीत, डोक्यावर तारा नाहीत. म्हणूनच जुन्या काळावरच्या मालिकांचं चित्रीकरण इथे वारंवार होतं.

आता घरांकडे वळू. घराच्या आडव्या बाजूला, म्हणजे त्रिकोणी माथ्याच्या भिंतीत, जमिनीपासून वर जाऊन माथ्यावर एकमेकांना टेकणारी दोन वाकडी जाड लाकडं दिसली तर ते सगळ्यात जुन्या पद्धतीचं बांधकाम समजा. नैसर्गिक बाक असलेलं ओकचं झाड निवडून ते उभं चिरायचं, दोन्ही अर्धी समोरासमोर उभी करायची आणि छपराचा सगळा भार त्यांच्यावर टाकायचा. भिंत फक्त आडोशाला. चर्च स्ट्रीटवर असं एक घर आहे, त्याची वाकडी लाकडं बाहेरून स्पष्ट दिसतात.

नंतरच्या घरांत उभ्या-आडव्या लाकडांची चौकट येते. मधल्या चौकोनांत कामट्यांची जाळी विणून त्यावर माती, शेण आणि गवत यांचा गिलावा देत. हे लाकूड काळं रंगवलेलं दिसलं तर ती बहुतेक एकोणिसाव्या शतकाची आवड. मूळचं ओक रंगाशिवाय ठेवत आणि ते काळाने रुपेरी करडं होतं. उभी लाकडं जितकी जवळजवळ तितका मालक सधन, कारण तेवढ्या लाकडाची गरज नसते, ते दाखवायलाच लावलेलं असतं. वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला असेल तर तुळयांची टोकं खालून पाहा.

मग छप्पर. दगडी कौलं खालच्या ओळीत मोठी आणि वर जाताना लहान होत जातात. वजनदार कौलं भिंतीच्या माथ्यावर बसतात आणि सर्वाधिक पाणी वाहतं तिथे सांधे कमी राहतात. ही कौलं ओकच्या खुंट्यांवर टांगलेली असत. खुंट्या कुजल्या की कौल घसरतं, म्हणून जुन्या छपरांची ओळ लाटेसारखी दिसते.

खिडक्यांतल्या छोट्या चौकटी हौसेच्या नव्हत्या. काचेचा मोठा सलग तुकडा महाग होता, म्हणून लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवत. एखादी खिडकी विटांनी बुजवलेली दिसली की गाइड हमखास खिडकी-कराचं, म्हणजे खिडक्यांच्या संख्येवर लागणाऱ्या कराचं नाव घेतात. तो कर १६९६ ते १८५१ या काळात होता हे खरं. पण पुष्कळ बुजवलेल्या खिडक्या दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून पहिल्यापासूनच तशा बांधलेल्या असतात. वीट आणि दगड नीट एकमेकांत गुंफलेले असतील आणि कडेला फट नसेल तर ती कधी उघडी नव्हती असं समजायला हरकत नाही.

दर्शनी भिंत अठराव्या शतकातली लाल विटांची आणि बाजूची भिंत लाकडाची किंवा ओबडधोबड दगडाची, असंही दिसेल. नव्या फॅशनसाठी फक्त तोंड बदललं, घर जुनंच राहिलं. हाय स्ट्रीटवरची रेड लायन ही खानावळ समोरून पाहा आणि मग बाजूला जाऊन पाहा. दगडी भिंतींतले सांधेही जवळून बघा. सांध्यांत भरलेला चुना ओलावा बाहेर जाऊ देतो. कुणी तिथे सिमेंट भरलं असेल तर ओल दगडातच अडकते, थंडीत गोठते आणि सांधा शाबूत राहून दगडाचाच पापुद्रा सुटतो.

हाय स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं कोठार आहे. मठाला द्यायचा धान्याचा दहावा हिस्सा आणि खंड म्हणून आलेली लोकर, कातडी इथे साठवत. आत गेल्यावर मान वर करून छपराची लाकडं पाहा. त्याला चिकटूनच गावची छोटीशी, खिडकी नसलेली कोठडी आहे. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर त्यात ठेवत. वेस्ट स्ट्रीटवरच्या जॉर्ज इन खानावळीत शेकोटीजवळ एक चाक आहे. त्यात लहान कुत्रा पळवून मांस भाजायची सळई फिरवत असत.

प्रश्न : मठाचं तिकीट महाग आहे. गाव फुकट फिरता येतं, तर आत जावं का?

जावं. फक्त त्या दिवशी कोणता भाग उघडा आहे ते नॅशनल ट्रस्टच्या पानावर पाहूनच निघा. ओवऱ्या आणि वरच्या राहत्या खोल्या यांच्या वेळा वेगळ्या असतात आणि चित्रीकरण असेल तर काही भाग बंद ठेवतात.

१२३२ साली सॉल्झबरीची काउंटेस एला हिने जोगिणींसाठी, म्हणजे ख्रिस्ती नन्ससाठी हा मठ स्थापला. पतीच्या निधनानंतर ती विल्टशरची शेरीफ होती आणि पुढे या मठाची प्रमुखही झाली. आठव्या हेन्रीच्या काळात १५३९ मध्ये मठ बंद झाला. पुढच्याच वर्षी विल्यम शॅरिंग्टनने तो ७८३ पाउंडांना घेतला, मठाचं चर्च पाडलं, पण ओवऱ्या आणि त्यांच्या भोवतीच्या खोल्या तशाच ठेवून वर स्वतःचं घर बांधलं. म्हणून खाली मध्ययुगीन मठ आणि वर श्रीमंत घराणं, अशी दुर्मीळ मांडणी इथे शाबूत आहे. जोगिणींना थंडीत शेक घेता येईल अशी शेकोटीची खोली चुकवू नका. तिथे १५०० सालचं एक भलंमोठं धातूचं पातेलंही आहे.

वरच्या साउथ गॅलरीत एक साधीशी खिडकी आहे. त्याच टॉल्बट घराण्यातले, छायाचित्रणाचे एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये तिचंच चित्र कागदावर उमटवलं. हाती टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं कॅमेऱ्याचं निगेटिव्ह ते हेच. कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेट फासायचं, की उजेडाला काळं पडणारं सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. असा कागद छोट्या लाकडी पेटीत ठेवून ती पेटी खिडकीसमोर बराच वेळ ठेवायची. निगेटिव्ह टपाल तिकिटापेक्षा फार मोठं नाही, तरी भिंगातून पाहिल्यावर सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, अशी टीप टॉल्बट यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मूळ निगेटिव्ह सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे, त्यामुळे इथे ते शोधू नका. फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्र घेण्याची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, पण तिच्यात एका वेळी एकच चित्र मिळे. निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढायची वाट या खिडकीपासून निघाली. आधी दाराजवळचं संग्रहालय पाहा आणि मग वर जा, म्हणजे ती साधी खिडकी साधी वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आणि आई अंडंही खात नाही. गावात काय मिळेल?

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारायचं कसं ते माहीत हवं. अंडं आणि दूध या दोन्ही गोष्टी ब्रिटनमधल्या कायद्याने सांगाव्याच लागणाऱ्या चौदा ॲलर्जींच्या यादीत आहेत. म्हणून ‘अंडं आहे का’ असं मोघम विचारण्यापेक्षा ॲलर्जीची यादी मागा, ती माहिती प्रत्येक खाणावळीला द्यावीच लागते. मांस मात्र त्या यादीत नाही, ते वेगळं विचारावं लागतं. सूपचा रस्सा कशाचा, बटाट्याच्या चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, कुठे गोमांसाच्या चरबीत तळतात का, ग्रेव्ही कशाची, एवढे चार प्रश्न पुरतात. काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, आईंना ते चालणार नसेल तर शाकाहारी चीज आहे का तेही विचारा.

भाजलेला सालीसकट बटाटा, वर बीन्स आणि चीज, हा सगळ्यात निर्धोक पदार्थ. स्कोन (छोटा, किंचित गोड पाव), जॅम आणि घट्ट साय यांच्यासोबतचा चहा, म्हणजे क्रीम टी चांगला लागतो, पण स्कोनवर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. पबमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते अडीच मिळतं आणि मग स्वयंपाकघर बंद होतं. तीन वाजता गेलात तर फक्त पेय मिळेल. बऱ्याच ठिकाणी टेबलावर कुणी विचारायला येत नाही. टेबलाचा क्रमांक पाहून काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. रविवारी आधी टेबल राखून ठेवा. घरून दशम्या-चटणी नेली असेल तर ती पबच्या बाकावर नको, मोकळ्या हिरवळीवर खा.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

गाव सपाट आहे, ही मोठी सोय. गाड्या लावायची जागा हिदर वे या रस्त्यावर आहे, तिथून गावात पाच-सात मिनिटं चालावं लागतं. पदपथ अरुंद आणि फरशा उंच-सखल आहेत, म्हणून चाकाच्या खुर्चीला रस्त्याच्या मधूनच न्यावं लागतं. मठाच्या ओवऱ्या जमिनीच्या पातळीवर आहेत, वरच्या खोल्यांना जिना आहे. काठी आणि घट्ट तळव्याचे बूट हवेत. ओल्या फरशीवर गुळगुळीत चपला घसरतात. दर तासाला बसायची जागा आधी ठरवा : कोठाराजवळ थोडा वेळ, चर्चमधले बाक, मग चहा. सेंट सिरिॲक चर्चमध्ये शांत बसता येतं आणि शॅरिंग्टनची कोरीव समाधीही तिथेच आहे.

प्रश्न : शेतांतून पायवाटा दिसतात. दुसऱ्याच्या शेतातून जाणं चालतं का?

सार्वजनिक पायवाट असेल तर तो तुमचा कायदेशीर हक्क आहे, शेत कुणाचंही असो. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे पायी, घोड्यावर आणि सायकलवर. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेच्या १:२५,००० नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. वाट सोडून शेतात शिरू नये.

लेकॉकमध्ये चर्चवरून पुढे गेलं की बाइड ब्रुक ओढ्यावर उतार आहे, गाड्या पाण्यातूनच जातात. पादचाऱ्यांसाठी शेजारी जुना दगडी पूल आहे. पलीकडून शेतातून रेब्रिज या वस्तीकडे वाट जाते. फाटक जसं सापडेल तसं ठेवा : उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. हिवाळ्यात एव्हन नदीकाठची कुरणं पाण्याखाली जातात, तेव्हा पुलापर्यंतच जा. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : घरांचे फोटो काढले तर कुणी हरकत घेईल का?

रस्त्यावरून काढायला हरकत नाही. पण ही घरं देखाव्याची नाहीत, त्यांत ट्रस्टचे भाडेकरू राहतात. खिडकीला कॅमेरा लावू नये, दाराच्या पायरीवर बसू नये, कुंड्या हलवू नयेत. माणसाविना रस्ता हवा असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर या.

प्रश्न : मला मात्र बायबरीच पाहायची आहे. तिथे जाण्यात काही अर्थ नाही का?

आहे, फक्त वेगळ्या दिवशी जा. आर्लिंग्टन रो ही चौदाव्या शतकातली लोकरीच्या कोठाराची इमारत, सतराव्या शतकात तिचीच विणकरांची घरं झाली. समोरच्या ओल्या कुरणाला रॅक आइल म्हणतात, कारण धुऊन आटवलेलं कापड तिथे लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. घरं, कुरण आणि पलीकडची पाणचक्की हे तिन्ही एकाच कामाचे भाग आहेत, तसेच पाहा. गावात रेल्वे नाही आणि गाड्यांना जागा फार थोडी आहे. गाडी असेल तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, तासभर थांबा आणि सहलीच्या बसगाड्या यायच्या आत निघा.